दोन रूळ आणि वीस गाड्या

किल्लीची आगगाडी तुम्ही लहानपणी चालवली असेल. सेल घालून गोल फिरणारी गाडीही पाहिली असेल. आज मी जिच्याविषयी लिहिणार आहे त्या गाडीत किल्ली नसते आणि सेलही नसतो. ती वीज घेते ती रुळांतून. खऱ्या गाडीची ती ठरावीक प्रमाणात लहान केलेली हुबेहूब प्रतिकृती असते. जगभर सर्वांत जास्त चालणारे प्रमाण आहे १:८७. त्याला 'एचओ' म्हणतात. परदेशातील बहुतेक रेल्वेमार्गांवर दोन रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर असते. त्याला ८७ ने भागा. उत्तर येते साडेसोळा मिलिमीटर, आणि एचओचे रूळ तेवढ्याच अंतरावर असतात. (आपला ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याची प्रतिकृती करायची तर १९ मिलिमीटरहून थोडे जास्त अंतर हवे. हे गणित तुम्ही करून पाहा.)

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. ते तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. जर्मनीत हांबुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेले 'मिनिआटूर वुंडरलांड' हे तर याच १:८७ प्रमाणातले अख्खे जगच आहे. हजाराहून अधिक गाड्या आहेत तेथे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या विज्ञान प्रदर्शनात एका हौशी मित्राच्या मदतीने मी अशा दोन गाड्या मांडल्या होत्या. लंबगोल मार्ग, मध्ये एक स्टेशन. एक इंजिन स्टेशनात दिवे लावून उभे, दुसरे त्याच रुळांवरून हळूहळू त्याच्याकडे येणारे. नववीतली एक मुलगी बराच वेळ पाहत उभी होती. तिने विचारले, "सर, रूळ तर दोनच आहेत. दोन्ही इंजिनांना वीज त्याच रुळांतून मिळते. मग एक थांबलंय आणि एक चालतंय, हे कसं?" मी घाईत होतो. "ते इलेक्ट्रॉनिक्स आहे" असे म्हणून मी पुढे गेलो. घरी आल्यावर ते मनाला लागून राहिले. तिचा प्रश्न अगदी नेमका होता आणि मी दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हते. ते आज द्यायचा प्रयत्न करतो.

जुनी रीत

आधी तिचा प्रश्न नेमका का आहे ते पाहू. साध्या विजेच्या गाडीत दोन रुळांपैकी एक धन आणि एक ऋण असतो. एका बाजूच्या चाकांतून प्रवाह इंजिनात शिरतो, मोटरमधून जातो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत जातो. रुळांमधला विद्युतदाब शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत कमीजास्त करता येतो. दाब वाढवला की मोटर जोरात फिरते. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते आणि गाडी मागे येते. सगळा कारभार इतकाच.

आता त्याच रुळांवर दुसरे इंजिन ठेवा. ही दोन इंजिने समांतर जोडणीत आहेत, म्हणजे दोघांच्या टोकांवर दाब तोच. एक चालले की दुसरेही चालणार, एक थांबले की दुसरेही थांबणार. घरातल्या दोन दिव्यांना एकच बटण असावे तसा प्रकार. शिवाय गाडी थांबली म्हणजे दाब शून्य, आणि दाब शून्य म्हणजे डब्यातले दिवेही गेले.

यावर हौशी मंडळींनी जो उपाय काढला तो फार मेहनतीचा होता. रूळ जागोजागी कापायचे, म्हणजे मार्गाचे एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग असे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारा आणि स्वतंत्र बटण. गाडी पुढच्या तुकड्यात गेली की तिचा नियंत्रक त्या तुकड्याला जोडायचा आणि मागचा तुकडा सोडवायचा. गाडी चालवण्यापेक्षा बटणे दाबण्यातच माणूस दमून जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९४६ पासून विद्यार्थ्यांचे एक लघुरेल्वे मंडळ आहे. त्यांनी ही जोडाजोडी आपोआप व्हावी म्हणून टेलिफोन केंद्रातले रिले वापरून मांडणीच्या खाली तारांचे एक प्रचंड जाळे विणले होते. हुशारीचे काम होते, पण मूळ अडचण तशीच राहिली. आज्ञा रुळाच्या तुकड्याला मिळत होती. ती इंजिनाला मिळायला हवी होती.

एस.टी. स्थानकावरचा कर्णा

मोठ्या एस.टी. स्थानकावर ध्वनिक्षेपकातून घोषणा होते, "पुणे-सातारा गाडी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे." कर्णा एकच, आणि आवाज सगळ्यांच्या कानांवर पडतो. पण उठून पळतात ते साताऱ्याचे प्रवासी. नाशिकचा प्रवासी ऐकतो आणि शेंगा खात बसून राहतो. प्रत्येकाला स्वतंत्र तार जोडावी लागत नाही, कारण घोषणेच्या सुरुवातीलाच ती कोणासाठी आहे हे सांगितलेले असते.

लघुरेल्वेतल्या नव्या पद्धतीत नेमके हेच केले आहे. तिचे नाव 'डिजिटल कमांड कंट्रोल', थोडक्यात डीसीसी. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी किंवा थोडी मोठी अशी इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवलेली असते. तिला डिकोडर म्हणतात, आणि तिला स्वतःचा एक क्रमांक असतो. रुळांतून सतत घोषणा चालू असतात: "तीन नंबर, पुढे चल, वेग सात." "अकरा नंबर, थांब." सगळे डिकोडर सगळ्या घोषणा ऐकतात आणि आपला नंबर आला तरच पाळतात.

पण एस.टी.ची उपमा येथे थोडी कमी पडते. ध्वनिक्षेपकाच्या आवाजावर बस चालत नाही, तिला डिझेल वेगळे लागते. लघुरेल्वेत मात्र रूळ दोनच, आणि त्यांतूनच इंजिनाला ऊर्जाही द्यायची आहे आणि संदेशही. ही खरी गंमत आहे, म्हणून येथे जरा थांबू.

संदेश वेळेत लिहिलेला

डीसीसीमध्ये रुळांमधला दाब कमीजास्त करत नाहीत. एचओ मार्गावर तो साधारण १५ व्होल्ट ठेवतात आणि गाड्या थांबलेल्या असल्या तरी तो तेवढाच असतो. बदलते ती दिशा. क्षणात डावा रूळ धन, क्षणात उजवा, असे सेकंदाला हजारो वेळा होते. आलेख काढला तर तो घरातल्या विजेसारखा गोलसर लाटांचा येणार नाही, किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा चौकोनी येईल. वर गेला की सपाट, खाली गेला की सपाट.

आता या चर्यांची रुंदी पाहा. काही अरुंद असतात. त्यांत दाब ५८ मायक्रोसेकंद एका दिशेने आणि लगेच ५८ मायक्रोसेकंद उलट दिशेने असतो. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) अशी एक जोडी म्हणजे द्विमान पद्धतीतला अंक १. काही रुंद असतात, १०० मायक्रोसेकंद इकडे आणि १०० तिकडे. ती जोडी म्हणजे अंक ०. झाली लिपी तयार. सगळा संदेश या अरुंद आणि रुंद चर्यांत लिहायचा.

कोणी विचारील, की १ साठी १५ व्होल्ट आणि ० साठी ५ व्होल्ट असे सोपे का नाही केले? याचे उत्तर रुळांवरच्या धुळीत आहे. चाक आणि रूळ यांचा स्पर्श कधीच सारखा नसतो. तेलाचा अंश असतो, गंज असतो, गालिच्यावरचे धागे असतात. त्यामुळे इंजिनापर्यंत पोचणारा दाब डळमळतो. दाबाच्या उंचीत संदेश लिहिला असता तर धुळीने तो पुसून टाकला असता. पण चर्येची रुंदी, म्हणजे काळ, धुळीने सहसा बदलत नाही. शिवाय डिकोडरने जरा उदारपणे वाचावे असा नियम आहे. अर्धा भाग ५२ ते ६४ मायक्रोसेकंदांत बसला तर तो १ धरायचा, ९० किंवा अधिक भरला तर ०. मधली जागा मोकळी सोडली आहे, म्हणून गोंधळ होत नाही.

दुसरा फायदा असा, की इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवले तरी त्याला काही फरक पडत नाही. आधी वर मग खाली, किंवा आधी खाली मग वर. रुंदी तीच राहते.

आणि ऊर्जा? डिकोडरच्या दाराशी चार डायोड असतात. डायोड म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. चार डायोड चौकोनात जोडले की दाब रुळांवर कोणत्याही दिशेने असो, पलीकडे तो एकाच दिशेने मिळतो. चौकोनी लाट उलटते तो क्षण सोडला तर १५ व्होल्ट जवळजवळ अखंड हजर असतात. म्हणून गाडी उभी असतानाही डब्यात उजेड राहतो. माझ्या प्रदर्शनातल्या थांबलेल्या इंजिनाचे दिवे लागलेले होते ते यामुळेच.

एक पूर्ण संदेश

चला, "तीन नंबर, पुढे, वेग सात, दिवा लाव" हा संदेश लिहून पाहू. आधी निदान चौदा वेळा १ पाठवतात. वर्गात बाई "शू!" म्हणतात ना, त्यातला प्रकार. सगळे डिकोडर सावध होतात. मग एक ०, म्हणजे आता मजकूर सुरू. मग आठ अंकांत इंजिनाचा क्रमांक. तीन हा अंक द्विमान पद्धतीत ११, म्हणून आठ घरांत तो असा:

००००००११

पुन्हा एक ०, मग आज्ञेचे आठ अंक:

०११११०००

यात पहिले दोन अंक ०१ म्हणजे "ही वेगाची आज्ञा आहे". तिसरा १ म्हणजे पुढे (० असता तर मागे). चौथा १ म्हणजे दिवा लाव. शेवटचे चार अंक १००० म्हणजे दशमान पद्धतीत आठ. पण ०००० हा थांबण्यासाठी आणि ०००१ हा तातडीने थांबण्यासाठी राखून ठेवला आहे, म्हणून वेगाची पहिली पायरी ००१० पासून मोजतात. त्या हिशेबाने १००० ही सातवी पायरी. अशा एकूण चौदा पायऱ्या होतात. ही सर्वांत साधी लिपी झाली. पुढे २८ आणि १२८ पायऱ्यांच्या लिप्याही आल्या, आणि क्रमांकही १२७ वर न थांबता चार-पाच आकड्यांपर्यंत नेता येऊ लागले.

पुन्हा एक ०, आणि मग येतात पडताळ्याचे आठ अंक. वरच्या दोन ओळी एकाखाली एक लिहा. ज्या घरात दोन्ही अंक सारखे तेथे ०, ज्या घरात वेगळे तेथे १. उत्तर येते:

०११११०११

हे आठ अंक पाठवून शेवटी एक १, म्हणजे संदेश संपला. डिकोडर स्वतः हीच बेरीज-वजाबाकी करून पाहतो. आलेला पडताळा जुळला तर आज्ञा पाळतो, न जुळला तर तो संदेश सरळ टाकून देतो. चुकीची आज्ञा पाळण्यापेक्षा काहीच न करणे बरे, असा हा व्यवहार.

टाकून दिलेल्या संदेशाचे काय? त्यासाठी थोडे गणित करू. वरच्या संदेशात, सुरुवातीच्या चौदा धरून, एकंदर सत्तावीस वेळा १ आणि पंधरा वेळा ० आहे. १ ला लागतात ११६ मायक्रोसेकंद, ० ला २००. म्हणजे ३१३२ अधिक ३०००, एकूण ६१३२ मायक्रोसेकंद. सेकंदात असे सुमारे १६० संदेश जाऊ शकतात. रुळांवर वीस गाड्या असल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला सेकंदाला आठ संदेश येतात, आणि नियंत्रण केंद्र जुन्या आज्ञा पुन्हा पुन्हा उच्चारत राहते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी १:८७ प्रमाणात सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर जाते. एक संदेश हुकला तर पुढचा येईपर्यंत ती चार सेंटिमीटर पुढे गेलेली असेल. पाहणाऱ्याला ते कळणारही नाही.

इंजिनाच्या पोटात

डिकोडरमध्ये एका चिपवरचा छोटासा संगणक असतो. त्याला आज्ञा कळली, आता मोटरला तिच्याप्रमाणे वागवायचे. हाताशी दाब आहे १५ व्होल्ट, आणि वेग हवा निम्मा. मग तो मोटरचा पुरवठा अतिशय झपाट्याने चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद ठेवला की मोटरला सरासरी निम्माच दाब जाणवतो. पाव वेळ चालू ठेवला तर पाव. जुन्या डिकोडरमध्ये ही उघडझाप सावकाश होई आणि इंजिन गुणगुणत असे. आता ती सेकंदाला सोळा हजार किंवा त्याहून अधिक वेळा करतात. माझ्या वयाच्या कानांना तो आवाज येत नाही.

यात भौतिकशास्त्राचा एक सुंदर भाग आहे. मोटर आणि जनित्र ही मुळात एकच वस्तू, हे तुम्ही शिकला आहात. चांगला डिकोडर पुरवठा बंद असलेल्या क्षणी मोटरच्या टोकांवरचा दाब मोजतो. फिरत असलेली मोटर त्या क्षणी जनित्र बनलेली असते, आणि तिचा दाब तिच्या वेगाच्या प्रमाणात असतो. समजा गाडी चढावर लागली आणि वेग उतरला. दाब कमी भरला की डिकोडर ओळखतो आणि चालू राहण्याचा काळ वाढवतो. गाडी घाट त्याच वेगाने चढते. वेगळा वेगमापक बसवायलाच नको.

डिकोडरला स्मरणशक्तीही असते. तिचे क्रमांक घातलेले खण आहेत असे समजा. पहिल्या खणात इंजिनाचा क्रमांक. नव्या डिकोडरमध्ये तो ३ असतो. दुसऱ्यात सुरुवातीचा दाब. तिसऱ्यात वेग किती सावकाश वाढवायचा, चौथ्यात किती सावकाश कमी करायचा. तिसऱ्या आणि चौथ्या खणांत मोठे आकडे भरले की ते चिमुकले इंजिन वीस डब्यांच्या मालगाडीसारखे जड वागू लागते. थांबवायचे तर स्टेशनाच्या बरेच आधी सांगावे लागते. वीज गेली तरी खणांतले आकडे पुसले जात नाहीत.

खण भरताना इंजिन वेगळ्या रुळांच्या तुकड्यावर ठेवतात. आकडा पोचला हे इंजिनाने कळवायचे कसे? त्याला बोलता येत नाही. पण त्याला प्रवाह खेचता येतो! ते आपल्या मोटरला फक्त सहा मिलिसेकंद वीज देते. ६० मिलिअँपिअर किंवा अधिक प्रवाहाचा तो छोटा झटका केंद्राला जाणवतो आणि त्याचा अर्थ "होय". जवळून पाहिले तर इंजिन किंचित हलताना दिसते.

ही पद्धत कोणाची?

अनेकांची. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६० च्या दशकात पाच गाड्या वेगवेगळ्या चालवणारी पद्धत बाजारात आणली होती. १९७९ साली इंग्लंडमधील हॉर्नबी कंपनीच्या 'झीरो वन' पद्धतीने हा आकडा सोळावर नेला. पण प्रत्येकाची भाषा निराळी. एका कंपनीचे केंद्र दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाशी बोलू शकत नसे. अमेरिकेत १९३५ पासून असलेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या हौशी लोकांच्या संस्थेने उपलब्ध पद्धती तपासल्या आणि जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीचा पाया घेऊन १९९४ च्या सुमारास सर्वांना खुले असे मानक ठरवले. आज जर्मनीतला डिकोडर अमेरिकन केंद्राचे ऐकतो तो त्यामुळे. मला विचाराल तर डीसीसीतली खरी मोठी गोष्ट चिप नाही, हा करार आहे.

माझा जळलेला डिकोडर

आता एक फजिती सांगतो. एका जुन्या, साध्या इंजिनात डिकोडर बसवायला मी घेतला. तारा चार रंगांच्या: लाल आणि काळी रुळांकडून येणाऱ्या, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाणाऱ्या. कागदावर काढून, तपासून मी त्या जोडल्या. इंजिन रुळांवर ठेवले. दोन सेकंदांत जळका वास आला आणि धुराची एक बारीक रेघ निघाली. पट्टीवरची चिप काळी पडली होती.

तारा बरोबर होत्या. चूक दुसरीकडे होती. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश पुष्कळदा धातूच्या सांगाड्यालाच टेकलेला असतो, आणि सांगाडा एका बाजूच्या चाकांना. साध्या पद्धतीत ते चालते, उलट एक तार वाचते. पण डिकोडर बसवल्यावर मोटर त्याच्या पलीकडे असली पाहिजे. माझ्या इंजिनात सांगाड्यातून रुळाचा दाब डिकोडरच्या मोटरकडच्या टोकांवर थेट शिरला. दारातून यायचे ते खिडकीतून आले म्हणा ना.

तुम्ही कधी हे काम कराल तेव्हा आधी मल्टिमीटर रोधावर लावून मोटरचे प्रत्येक टोक आणि प्रत्येक चाक यांमध्ये मोजा. रोध अनंत दिसला पाहिजे. जेथे काटा हलेल तेथे ब्रशखाली विद्युतरोधक पट्टी सरकवा, मग पुन्हा मोजा. पाच मिनिटांचे काम आहे. मी ते केले नव्हते.

दुसरी काळजी मार्गाची. साधा नियंत्रक एखादा अँपिअर देतो, डीसीसीचे बूस्टर पाचपर्यंत देऊ शकते. १५ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ७५ वॉट. गाडी रुळांवरून घसरली आणि चाक आडवे पडून दोन रूळ जोडले गेले, तर ही सगळी शक्ती त्या एका बिंदूवर उष्णता होऊन बाहेर पडते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरे. बूस्टरने अशा वेळी क्षणात पुरवठा तोडायचा असतो, पण तारा बारीक आणि लांब असल्या तर त्यांचा रोधच प्रवाह अडवतो आणि बूस्टरला शॉर्ट झाल्याचे कळतच नाही. म्हणून नाण्याची परीक्षा घेतात. एक रुपयाचे नाणे साडेसोळा मिलिमीटरहून रुंद असते, म्हणजे एचओच्या रुळांवर आडवे बसते. मार्गाच्या प्रत्येक भागात ते क्षणभर ठेवायचे. बूस्टर ताबडतोब बंद पडले तर ठीक. नाही पडले तर नाणे लगेच उचला (काडीने, बोटाने नव्हे), त्या भागाला जाड तार द्या आणि मगच पुढे जा. घरातल्या विजेच्या बाजूला मात्र हात लावायचा नाही. तेथे कंपनीचा तयार अडॅप्टरच वापरायचा.

डीसीसीला काय येत नाही

वाचून असे वाटेल की आता गाड्या आपोआप सुरळीत चालतील. तसे नाही. केंद्र बोलते, इंजिन ऐकते; इंजिन कोठे आहे हे केंद्राला या मूळ पद्धतीत ठाऊक नसते. समोरासमोर दोन गाड्या सोडल्या तर त्या आज्ञाधारकपणे एकमेकींवर आदळतील. जुन्या पद्धतीत मध्ये कापलेला, वीज नसलेला तुकडा असला तर गाडी तेथे अडायची. आता सगळीकडे वीज असल्याने तीही अडकाठी गेली. म्हणून मोठ्या मांडणीत मार्गाचे पुन्हा तुकडे करतातच, पण ते कोणत्या तुकड्यात प्रवाह वाहतो आहे, म्हणजे इंजिन उभे आहे, हे ओळखण्यासाठी. खऱ्या रेल्वेतही रुळांच्या तुकड्यांत बारीकसा प्रवाह सोडून ठेवतात. गाडीच्या चाकांनी दोन रूळ जोडले गेले की तो रिलेपर्यंत पोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. कल्पनेची जात तीच.

आणखी एक मजा. मार्ग वळसा घेऊन सांध्यापाशी स्वतःलाच येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होते. जुन्या पद्धतीत अशा वळशात गाडी थांबवून बटणे बदलावी लागत. डीसीसीमध्ये वळसा अलग करून तेथे एक स्वयंचलित उलटणारा लावतात. गाडीचे चाक शिवेवर आल्याबरोबर तो वळशातली दिशा उलटवतो. इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दिशा त्याच्यासाठी रुळात नसतेच, संदेशात असते.

करून पाहा

डीसीसी संच महाग असतो. पण त्यातली मुख्य युक्ती तुम्ही शंभर रुपयांच्या आत पाहू शकता. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोधक, एक लाल आणि एक हिरवा एलईडी आणा. दोन्ही एलईडी एकमेकांना समांतर पण उलट तोंडाने जोडा, आणि त्या जोडीशी एकसर जोडणीत रोधक. बॅटरी लावली की एक पेटेल. बॅटरीची टोके उलटी केली की दुसरा. भराभर उलटत राहा आणि अंधारात पाहा. डीसीसीच्या रुळांवर ही जोडी ठेवली तर दोन्ही एलईडी कायम पेटलेले दिसतात, कारण ते उलटणे डोळ्याला पकडता येत नाही.

आता १एन४००७ जातीचे चार डायोड चौकोनात जोडून त्यापुढे रोधक आणि एकच एलईडी लावा. बॅटरी कशीही धरा, एलईडी पेटलेलाच राहील. हेच डिकोडरचे दार.

आणि हे दोन संदेश सोडवा. प्रत्येकात क्रमांक, आज्ञा आणि पडताळा या क्रमाने आठ-आठ अंक दिले आहेत. एक संदेश इंजिन पाळील, एक टाकून देईल. कोणता? जो पाळील त्याचा अर्थ काय?

पहिला: ०००००१११ ०१०११११११ या दोन ओळींत मी मुद्दाम एक अंक जास्त घातला आहे. मोजा, म्हणजे आठ अंकांचा नियम का हवा ते दिसेल. बरोबर लिहिलेला पहिला संदेश असा: ०००००१११ ०१०१११११ ०१०११०१०

दुसरा: ००००००११ ०११०१०१० ०११०१००१

हे जमले तर शेवटी एक अवघड प्रश्न. क्रमांकातला तिसरा अंक आणि आज्ञेतला तिसरा अंक असे दोन्ही वाटेत बदलले, तर पडताळा ती चूक पकडील काय? कागदावर करून पाहा.